थांबणाऱ्याचा भाव

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर एका तरुण कार्यकर्त्याने वर्तमानपत्राचं एक कात्रण आमच्या हातात ठेवलं. ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या शेतकरी घराण्याने शिराझ द्राक्षाची नवी वाइन बाजारात आणली होती. बाटली पाऊण लिटरची आणि किंमत तिकडच्या आठशे डॉलरच्या वर, म्हणजे आपल्या पैशात चाळीस हजारांच्या वर. तो म्हणाला, "भाऊ, पाच क्विंटल कापूस घालावा तेव्हा ही एक बाटली यायची. आणि हे लोक म्हणे कोरडवाहू आहेत. खरं आहे की थाप?"

आम्ही त्याला सांगितलं, खरं आहे. पण एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही आणि आमचंही झालं नाही. म्हणून आज ही हकीकत सगळी सांगायची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही दारूची जाहिरात करायला उभे नाही. दारूपायी घरात काय होतं ते समोर बसलेल्या मायबहिणींना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही ती बाटली चाखलेली नाही, ते शेतही पाहिलेलं नाही. शेतकी कॉलेजात द्राक्षाचं पीक शिकलो, पुढे त्यावर वाचत राहिलो, तेवढ्यावर बोलतो. आपल्याला त्या बाटलीतल्या मालाशी कर्तव्य नाही. एक कोरडवाहू शेतकरी आपल्या मालाचा भाव स्वतः कसा ठरवू शकला, एवढंच पाहायचं आहे.

घराण्याचं नाव हेन्श्की. मूळचे सायलेशियाचे. तो मुलूख तेव्हा प्रशियाच्या राजाकडे होता, आज बहुतेक पोलंडमध्ये आहे. राजाने धर्मपंथात हात घातला, प्रार्थना कशी करायची याचे हुकूम काढले. ज्यांना ते पटलं नाही त्यांतले कित्येक लोक गाव सोडून जहाजात बसले. योहान ख्रिश्चन हेन्श्की १८४१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरला. अ‍ॅडलेड शहराच्या ईशान्येला बरोसा नावाचं खोरं आहे आणि लगतच्या उंचावर ईडन व्हॅली. तिथे या लोकांनी जमिनी घेतल्या. १८६८ साली या घराची पहिली वाइन विकली गेली. आज पाचवी पिढी कारभार पाहते आणि सहावी हाताखाली तयार झाली आहे.

ज्या वाइनची बातमी होती तिचं नाव 'हिल ऑफ ग्रेस'. तिथे रस्त्याच्या कडेला एक जुनं चर्च आहे. त्या जागेला जर्मन लोकांनी आपल्या मुलखातलं नाव दिलं होतं, 'ग्नाडेनबर्ग', म्हणजे कृपेचा डोंगर. त्याचंच ते इंग्रजी. चर्चसमोर सुमारे वीस एकरांचा मळा आहे, त्यातली दहाएक एकर शिराझ. सर्वांत जुन्या वेली १८६०च्या सुमारास लावलेल्या. इथे पेशवाई जाऊन चाळीस-बेचाळीस वर्षं झाली होती तेव्हा लावलेली वेल आजही घड देते.

पाऊस किती? सरासरी ५२० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या सोलापूरकडचा पाऊस. जुन्या वेलींना कालव्याचं पाणी नाही. एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. त्यांचा पाऊस थंडीच्या दिवसांत पडतो. ऊन कमी, त्यामुळे पाणी उडून जात नाही, जमिनीत मुरतं. आपला पाऊस चार महिन्यांत धो धो पडतो आणि निम्मा ओढ्याने निघून जातो. तेव्हा "त्यांना जमतं, तुम्हाला का जमत नाही" असं कुणी म्हणाला तर त्याला हा फरक विचारा.

आता या वेली टिकल्या कशा? यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत.

एक. मावाच्या जातकुळीतली एक कीड आहे, तिचं नाव फायलोक्सेरा. ती द्राक्षाच्या मुळांवर बसते आणि वेल मारते. १८६०नंतर ही कीड अमेरिकेतून युरोपात गेली आणि फ्रान्सचे मळेच्या मळे बसवले. शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करणं एवढा एकच मार्ग उरला. आपले नाशिक-सांगलीचे बागाईतदार डॉगरिज खुंट वापरतात तो पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी, पण युक्ती तीच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ही कीड १८७७ साली सापडली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ साली कायदा केला. बाहेरच्या वेली आणि काड्या आणायला मनाई केली, तपासणी बसवली. कीड त्या राज्यात शिरली नाही. म्हणून दीडशे वर्षांच्या वेली आजही आपल्याच मुळांवर उभ्या आहेत. बोंडअळी शिरल्यावर धावपळ करणारी व्यवस्था आपण पाहिली. शिरण्याआधी दार लावणारी व्यवस्थाही असू शकते, हे लक्षात ठेवा.

दोन. बेणं. शिराझ हे वाण मूळचं फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातलं. इराणच्या शिराझ शहराशी त्याचा संबंध नाही, हे १९९८ साली वंशपरीक्षेने सिद्ध झालं. दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश या दोन फ्रेंच वाणांचा तो संकर आहे. १८३२ साली जेम्स बस्बी नावाच्या माणसाने युरोपातून काड्या गोळा करून ऑस्ट्रेलियात आणल्या, त्यांत हे वाण होतं. हेन्श्की घरातल्या प्रू हेन्श्की या बाईंनी १९८०च्या दशकात जुन्या वेलींची वेलवार पाहणी सुरू केली. कोणती वेल दरसाल निकोप राहते, कोणत्या वेलीचे घड सारखे पिकतात, याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि निवडक वेलींच्या काड्यांपासून घरची रोपं केली. हे काम आपल्याला नवीन नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात शेतकऱ्यांच्याच मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ काढली. आजही रब्बीत तीच भाकर आपण खातो. चांगलं कणीस खुंटीला टांगून ठेवणारी आपली आजी वेगळं काय करत होती? कपाशीच्या बाबतीत मात्र आपण बेणं निवडायचा हक्क पाकिटासाठी सोडून दिला. बीटी संकराची सरकी पुढच्या साली पेरता येत नाही, पेरली तर एकसारखी उगवत नाही.

तीन. जमीन. त्यांनी वेलीच्या बुंध्याशी गव्हाचं काड आणि कंपोस्ट अंथरलं, दोन ओळींमध्ये गवत राखलं. नांगरून नांगरून जमीन उघडी टाकली नाही. वेलीचं मूळ खोल जातं, पण वरची ओल टिकली नाही तर खोल मुळाचाही उपयोग नाही. पऱ्हाटी पेटवून देणाऱ्या आपल्या गावांनी हे ऐकावं. बोंडअळीसाठी पऱ्हाटी शेतातून काढलीच पाहिजे, यात वाद नाही. पण ती कुट्टी करून, कुजवून जमिनीला परत देता येते.

आता भावाकडे येतो.

पन्नासच्या दशकापर्यंत ऑस्ट्रेलियात बहुतेक वाइन कडक आणि गोड असायची. ठिकठिकाणची द्राक्षं एकत्र मिसळायची आणि माल घाऊक विकायचा, अशी रीत. चौथ्या पिढीतल्या सिरिल हेन्श्कीने ती मोडली. एका मळ्याची द्राक्षं दुसऱ्यात मिसळायची नाहीत, त्याच मळ्याचं नाव बाटलीवर घालायचं. १९५२ साली 'माउंट एडलस्टोन' आणि १९५८ साली 'हिल ऑफ ग्रेस'. म्हणजे नव्वद वर्षं वाइन विकल्यानंतर या घराने ठरवलं की आपला माल ढिगात टाकायचा नाही.

हे कसं होतं ते पाहा. घड हाताने तोडतात. उघड्या टाक्यांत सालीसकट आंबवतात, मग लाकडी पिंपांत वर्ष-दीड वर्ष ठेवतात, नंतर बाटल्या भरतात आणि पुन्हा ठेवून देतात. २०१९च्या हंगामाची बाटली बाजारात आली ती २०२४ साली. पाच वर्षं माल घरात. तुम्ही यंदा वेचलेल्या कापसाचा पैसा पाच वर्षांनी घ्याल का, असं आम्ही विचारलं तर तुम्ही आम्हाला इथून हाकलून द्याल आणि ते बरोबरच होईल.

याहून मोठी गोष्ट ऐका. २०११ साली त्या भागात तोडणीच्या वेळी पाऊस लागला, घडांवर बुरशी आली. हेन्श्की घराने ठरवलं, या सालची 'हिल ऑफ ग्रेस' काढायची नाही. २०००च्या हंगामाचीही काढली नव्हती. आपलं नाव घालण्याजोगा माल नसेल तर नाव घालायचंच नाही. आठशे डॉलरच्या भावाचं मूळ इथे आहे. घेणाऱ्याला ठाऊक असतं की हे घर 'नाही' म्हणू शकतं.

पण हे 'नाही' म्हणणं परवडतं कशामुळे? दुसरे मळे आहेत, साध्या भावाच्या इतर वाइन आहेत, त्यांवर घर चालतं. आदल्या सालांचा माल कोठारात आहे. एका सालची बाटली निघाली नाही म्हणून कुणी दारात येऊन बसत नाही.

इथे कुणी म्हणेल, वा, ऑस्ट्रेलियाचा शेतकरी सुखी आहे. थांबा. त्याच राज्यातली दुसरी बाजू ऐका.

मरे नदीच्या काठी रिव्हरलँड म्हणून बागायती भाग आहे. तिथेही शिराझच. एकरी आठ-दहा टन सहज निघतं, जुन्या कोरडवाहू मळ्याच्या कित्येक पट. पण तिथला शेतकरी द्राक्ष विकतो, वाइन विकत नाही. द्राक्ष तोडलं की तासांत कारखान्यात जायला हवं. चीनने २०२० साली ऑस्ट्रेलियन वाइनवर तात्पुरता जकर लावावा तसा कर बसवला आणि मार्च २०२१मध्ये तो पाच वर्षांसाठी पक्का केला, ११६ ते २१८ टक्के. वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वरचा धंदा जवळजवळ बंद पडला. मार्च २०२४मध्ये तो कर उठला, पण तोवर टाक्या तुंबल्या होत्या. रिव्हरलँडच्या शेतकऱ्याला लाल द्राक्षाला टनाला दोनशे डॉलरच्या आतला भाव दाखवला गेला. म्हणजे किलोला आपले दहा-अकरा रुपये. खर्चसुद्धा निघत नाही.

हिशेब मांडा. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं. राज्य तेच, वाण तेच. एकाच्या किलोची बाटली चाळीस हजारांना जाते, दुसऱ्याच्या किलोला दहा रुपये. पाणी जास्त आहे त्याला दहा रुपये आणि कोरडवाहूला चाळीस हजार! तेव्हा पाणी आलं की दारिद्र्य जाईल आणि उत्पादन वाढवलं की भाव आपोआप मिळेल, असं सांगणाऱ्यांना हा हिशेब दाखवा.

आणि सरकार? तेही ऐकून घ्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे लाल द्राक्षाचा महापूर आला. लोक पांढऱ्या वाइनकडे वळले होते. बरोसातल्या एका मोठ्या कंपनीने आपल्या व्यवस्थापकाला हुकूम दिला, शेतकऱ्यांकडून माल घेऊ नकोस. त्याचं नाव पीटर लेहमन. त्याने शेतकऱ्यांना हातात हात देऊन शब्द दिला होता. कागद नव्हता. त्याने नोकरीपेक्षा शब्द मोठा मानला, भांडवल उभं केलं आणि १९७९ साली वेगळी कंपनी काढून त्या शेतकऱ्यांची द्राक्षं घेतली. कंपनीचं नाव ठेवलं कथेतल्या एका जुगाऱ्यावरून आणि खूण घेतली किलवरची राणी. जुगारच होता, पण कित्येक घरं त्याने वाचली. २०१३ साली तो वारला.

मग १९८०च्या दशकाच्या मध्यावर सरकारने योजना काढली की वेली उपटा आणि पैसे घ्या. जुन्या, कमी उताऱ्याच्या शिराझच्या वेलींवर पहिली कुऱ्हाड पडली. कर्जात असलेल्या शेतकऱ्याने आजोबांनी लावलेली वेल उपटली आणि अनुदान घेतलं. दहा वर्षं गेली नाहीत तोच साऱ्या जगात बरोसाच्या जुन्या शिराझला मागणी आली. ज्यांच्या वेली शिल्लक होत्या त्यांचं सोनं झालं. ज्यांनी उपटल्या ते पुन्हा रोपं लावत बसले, पण शंभर वर्षांची वेल काही रोपवाटिकेत मिळत नाही. २००९ साली बरोसाने जुन्या वेलींची सनद केली. पस्तीस वर्षांवरची जुनी, सत्तरवरची तग धरलेली, शंभरवरची शतायुषी आणि सव्वाशेवरची पूर्वज, असे दर्जे ठरवले. ज्या वेलीला उपटायचे पैसे मिळत होते, तिच्या वयाचा आता दाखला मिळतो.

भावांनो, आता आपल्याकडे येऊ. इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

२०२२च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्या दिवाळीनंतर नवा कापूस आला तेव्हा आठ-नऊ हजार भाव होता. आम्ही गावोगाव सभा घेतल्या आणि सांगितलं, विकू नका, थांबा, भाव वाढेल. तुम्ही आमचं ऐकलं. घरात, ओसरीत, माळ्यावर कापूस भरून ठेवला. लेकरांना अंगभर खाज सुटली. कापूस पिवळा पडला, वजन घटलं. रात्री कुणी बिडी पेटवली तरी जीव धसकायचा. आणि मे २०२३मध्ये सात-साडेसात हजारांनी विकावा लागला. एका माउलीने आम्हाला विचारलं, "तुमच्या शब्दावर थांबलो, आता बँकेचं व्याज तुम्ही भरता का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही चुकलो. थांबणं चूक नव्हतं. कशाच्या जोरावर आणि कोणत्या रूपात थांबायचं, हे आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. ते आम्हालाच नीट कळलं नव्हतं. हेन्श्कीची गोष्ट वाचताना ते कळलं.

द्राक्ष थांबू शकत नाही. वाइन थांबते. हेन्श्कीने पिकाचं रूप असं बदललं की ते थांबू शकेल. रिव्हरलँडच्या शेतकऱ्याने तसं केलं नाही, म्हणून तो तोडणीच्या दिवशी व्यापाऱ्याच्या ताब्यात जातो. आपला कापूसही घरात थांबू शकत नाही. तो खाजवतो, पिवळा पडतो, पेटतो. पण सरकी काढून दाबलेली रुईची गाठ नीट गोदामात थांबू शकते. पाच क्विंटल कापसाची एक गाठ होते, १७० किलोची. म्हणजे त्या पोराने सांगितलेला बाटलीचा हिशेब आणि एका गाठीचा हिशेब एकच आहे. गाठ करून थांबतो तो जिनवाला आणि व्यापारी. आपण बोंडं वेचून थांबायला गेलो.

ज्वारीचं पाहा. ज्वारीला कसं थांबवायचं हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. पेव होतं, कणगी होती. दोन-दोन, तीन-तीन वर्षांची ज्वारी गावात असायची. दुष्काळात तिच्यावर गाव जगायचं. पेवं बुजवली आणि सुगीत खळ्यावरून विकायची सवय लागली.

दुसरी गोष्ट नावाची. आपला कापूस जिनमध्ये जातो तेव्हा एका गावच्या कापसात दहा-पंधरा वाणं मिसळलेली असतात. धागा कुठे लांब, कुठे आखूड. त्यात पाला, केस, खताच्या पोत्याची सुतळी. त्याला नाव कुठलं देणार? ग्रेडर सगळ्यांत खालचा भाव धरतो आणि सगळ्यांना तोच लावतो. ज्याने स्वच्छ वेचला तोही त्यात भरडला जातो. उलट मंगळवेढ्याची ज्वारी बघा. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या काळ्या रानाचं नाव कायद्याने त्या ज्वारीला लागलं. नाव मिळालं म्हणजे भाव मिळाला असं नाही, पण नावाशिवाय भाव मागायला तोंडच नसतं.

आणि हे दूरदेशीचं बोलणं आहे असं समजू नका. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार २ एप्रिल २०२२ रोजी झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात वाइन आहे आणि कापूसही आहे. पंधरा अमेरिकन डॉलरवरच्या बाटलीवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आणलं आणि दहा वर्षांत २५ वर नेण्याचं ठरलं. पाच डॉलरच्या आतल्या स्वस्त बाटलीला सवलत नाही, म्हणजे नाशिकच्या वाइनला तेवढा आडोसा राहिला. कापसाचं काय? ऑस्ट्रेलियाचा ५१,००० टन कापूस, म्हणजे तीन लाख गाठी, दरसाल बिनशुल्क येऊ शकतो. शिवाय २०२५ साली १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत केंद्राने कुठल्याही देशाच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं, नेमकं आपला नवा कापूस बाजारात यायच्या वेळी. गिरण्या ऑस्ट्रेलियाचा कापूस का मागतात? धागा एकसारखा, काडीकचरा जवळजवळ नाही. तेव्हा त्यांची वाइन आपल्याशी लढत नाही, त्यांची गाठ लढते.

मग करायचं काय? प्रत्येकाने वाइनचा कारखाना काढावा असं सांगायला आम्ही वेडे नाही. दीडशे वर्षांचं घराणं एका हंगामात उभं राहत नाही. यंदा एवढंच करू.

प्रत्येक तालुक्यात वीस शेतकऱ्यांचा एक गट. सगळ्यांनी एकच वाण लावायचं. वेचणीला सुती कापडाची झोळी, प्लॅस्टिकचं पोतं बंद. पहिली वेचणी आणि फरदड वेगळी ठेवायची. प्रत्येकाने आपल्या कापसातला फक्त पाच क्विंटल बाजूला काढायचा, बाकीचा नेहमीप्रमाणे विकून देणं फेडायचं. हे महत्त्वाचं आहे. सगळा माल अडकवून कुणीही थांबायचं नाही. वीस जणांच्या वीस गाठी होतील. जिनची मजुरी देऊन सरकी काढायची, सरकी लगेच विकायची, गाठी नोंदणीकृत गोदामात ठेवायच्या. रुईची तपासणी करून घ्यायची म्हणजे उतारा किती, धागा किती लांब, कचरा किती, हे आपल्या हातात कागदावर येईल. गोदामाच्या पावतीवर बँकेने कर्ज द्यावं यासाठी २००७ सालचा कायदा आहे, तो पुढे करून बँकेच्या दारात आपण मिळून जाऊ. ज्वारीवाल्यांसाठी पणन मंडळाची तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात ज्वारी ठेवली की किमतीच्या ठरावीक हिश्श्याइतकी रक्कम सहा टक्क्यांनी, सहा महिन्यांसाठी. तुमची समिती ती राबवत नसेल तर का नाही, हे सभापतीला विचारायला पुढच्या सोमवारी जाऊ.

यातून फायदा होईलच असं आश्वासन आम्ही देत नाही. एकदा दिलं होतं, त्याचं काय झालं ते सांगितलंच. प्रत्येक गटाने वही घालायची. एक गाठ विकून काय आलं, तोच पाच क्विंटल कापूस त्या दिवशी बाजारात किती रुपयांना गेला असता, जिनची मजुरी, गोदामभाडं, व्याज, सगळं लिहायचं. तोटा आला तरी लिहायचं आणि पुढच्या वर्षी याच बैठकीत सगळ्यांसमोर वाचायचं. हेन्श्कीने २०११ची बाटली काढली नाही हे त्यांनी लपवलं नाही, त्यामुळे त्यांच्या इतर सालांवर लोकांचा विश्वास बसला. आपणही आपला हिशेब लपवायचा नाही.

ते कात्रण आणणाऱ्या पोराला आज एवढंच सांगतो. कोरडवाहू रानात सोनं पिकतं ही थाप नाही, पण ते एका रात्रीत पिकतं ही थाप आहे. त्या घराला नाव मिळवायला नव्वद वर्षं लागली आणि नाव झाल्यावरही खराब सालची बाटली रोखून धरायची ताकद ठेवावी लागली. आपली सुरुवात वीस गाठींची आहे.

गटाची नावं नोंदवायची वही मागे टेबलावर आहे. जाताना आपलं नाव, वाणाचं नाव आणि किती क्विंटल बाजूला काढणार तेवढं लिहून जा. मायबहिणींनी आपली नावं वेगळी लिहा, कारण वेचणी तुमच्या हातची आहे आणि स्वच्छ कापसाचं श्रेयही तुमचंच राहणार आहे.